फुल्या आणि गोल

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मॅडम, नमस्कार. वय ५४, सोलापूरच्या पूर्व भागात राहते. गेल्या वर्षी डाव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या. मग चार लाल केमो, त्यानंतर दर आठवड्याला एक अशा बारा, आणि शेवटी १५ दिवस रेडिएशन. नोव्हेंबरात सगळं संपलं. रिपोर्ट चांगले आहेत, रोज एक गोळी चालू आहे. पण थकवा काही जात नाही. आठ तास झोपून उठलं तरी गिरणीतून आल्यासारखं अंग असतं. पायाच्या बोटांना कापूस गुंडाळल्यासारखं वाटतं. घरी शाळेच्या गणवेशांची शिलाई करते, तीही निम्म्यावर आली. आजाराआधी मी रोज सिद्धेश्वर तलावाकाठी चालायला जायची. मे महिन्यात एक दिवस बरं वाटलं म्हणून गेले, पूर्वीसारखी चालून आले आणि पुढचे दोन दिवस आडवी. बरं वाटलं त्याचीच शिक्षा मिळाली म्हणायची. मिस्टर म्हणतात, आराम कर. जाऊबाई म्हणतात, मनाचं आहे. पुण्याची बहीण जिमचे व्हिडिओ पाठवते. कोणाचं ऐकू? कॅलेंडरचं मे महिन्याचं पान फाडून सोबत पाठवते आहे. फुल्या आहेत ते उठवत नाही असे दिवस. गोल आहेत ते पाण्याचे, तिकडे लक्ष देऊ नका.

उत्तर : ताई, मी आधी गोलांकडेच बघितलं.

सोलापुरात राहणाऱ्या बाईचं कॅलेंडर पाण्याच्या दिवसाशिवाय वाचताच येत नाही. तुमच्याकडे चार दिवसांआड पाणी, म्हणजे मे महिन्यात ३, ८, १३, १८, २३ आणि २८ तारखेला गोल. आता फुल्या बघा. ४, ५, ९, १९, २४, २५, २९. सहा गोलांपैकी पाचांच्या पुढच्याच घरात फुली. १३ च्या पुढच्या घरात तेवढी फुली नाही, आणि १३ च्याच चौकोनात पेन्सिलीनं बारीक लिहिलंय, ‘पोरगा सुट्टीवर’. त्या दिवशी पाणी त्यानं भरलं असणार. राहता राहिल्या २१ आणि २२ च्या फुल्या. त्या तलावाच्या.

पानाच्या मागं हिशेब आहे तुमचा, बहुतेक शिलाईचं काम देणाऱ्याला दाखवायचा. त्याच्या खाली, ‘पिण्याच्या १२ घागरी, वापरायचं मोटारनं’. नळ खाली, घर वरच्या मजल्यावर, मध्ये १८ पायऱ्या. घागर धरा दहा लिटरची. म्हणजे उजनी धरणाचं पाणी तुमच्या गल्लीत आलं की तासाभरात तुम्ही कमरेवर दहा किलो घेऊन २१६ पायऱ्या चढता आणि रिकाम्या हातानं २१६ उतरता. आणि मला लिहिता, व्यायाम जमत नाही!

अहो, धडधाकट माणसाला मी पहिल्या आठवड्यात एवढं सांगणार नाही. तुमचं शरीर व्यायामाला कंटाळलेलं नाही. पाच दिवसांचं काम त्याला एका तासात करावं लागतं, ते फेडायला दोन दिवस जातात, तेवढ्यात पुढचं पाणी येतं. स्नायूला ताकद येते ती झेपेल एवढं काम वरचेवर मिळालं तर. एकदम झोडपून मग निजवून ठेवलं तर तो कमीच होत जातो.

आता तिघांच्या सल्ल्याबद्दल.

मिस्टरांचं चूक आहे, पण त्यांच्यावर रागावू नका. आम्हीही पूर्वी हेच सांगायचो. साधा थकवा झोपेनं जातो, हा जात नाही, ही याची खूणच आहे. ट्रीटमेंटमुळं अंगात राहिलेली सूज, महिनोन्‌महिने बसून गळालेले स्नायू, मोडलेली झोप, रक्तातली कमी, चालू असलेली औषधं, असं सगळं मिळून तो होतो. ट्रीटमेंट संपल्यावर काहींचा महिन्यांत जातो, काहींचा वर्ष-दोन वर्षं रेंगाळतो. आरामानं स्नायू आणखी गळतात, मग तेवढंच काम जास्त जड वाटतं, मग आणखी आराम. या चक्रात अडकलेल्या बायका मी २८ वर्षं बघते आहे.

जाऊबाईंचं पाव भाग बरोबर, पाऊण भाग चूक. मन खचलं तर थकवा वाढतो हे खरं, आणि समुपदेशनाचा उपयोगही होतो. पण तुम्ही तो मनात तयार केलेला नाही. २०१७ साली ११३ चाचण्यांचा, साडेअकरा हजारांवर रुग्णांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यात या थकव्यावर व्यायाम आणि समुपदेशन ही दोन्ही औषधांपेक्षा सरस ठरली. जाऊबाईंना हे सांगा किंवा सांगू नका, घरातलं राजकारण तुम्हाला जास्त कळतं.

बहिणीचे व्हिडिओ प्रेमानं बघा आणि बंद करा.

चालायला लागायच्या आधी तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडून तीन गोष्टी करून घ्या. एक, रक्त : हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर, व्हिटॅमिन बी-१२ आणि डी. यातलं काही कमी निघालं तर आधी ते भरून काढायचं, नाहीतर टाकीला भोक ठेवून मोटार लावल्यासारखं होईल. दोन, तुम्ही ज्याला लाल केमो म्हणता त्या औषधाचा काही जणांच्या हृदयावर परिणाम होतो. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, शेवटची कधी झाली ते विचारा. चालताना धडधडतं का, पायावर सूज येते का, रात्री आडवं पडल्यावर दम लागतो का, हे त्यांनी विचारायची वाट बघू नका, स्वतःहून सांगा. तीन, रोजची गोळी कोणती ते मला कळवा. काही गोळ्यांनी सकाळी सांधे आखडतात आणि हाडं ठिसूळ होतात. तुमची तशी असेल तर चालण्याबरोबर ताकदीचे व्यायाम जास्तच हवेत.

हे झालं की सुरुवात. आणि इथं माझी एक चूक सांगते.

माझ्या प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. अशाच एका बाईंना मी चिठ्ठी लिहून दिली होती, ‘रोज ३० मिनिटे चालणे’. एका ओळीत काम संपलं, पुढचा पेशंट आत. त्या पुन्हा आल्याच नाहीत. बऱ्याच महिन्यांनी भाजी मंडईत भेटल्या. मी विचारलं, चालताय ना? त्या हातातली मेथी न सोडता म्हणाल्या, ‘‘म्याडम, तुमच्या चिठ्ठीनं मला आठ दिवस झोपवलं बघा. मग चिठ्ठी चुलीत घातली.’’ तीस मिनिटांचा आकडा खोटा नव्हता. आजही शास्त्र तेच सांगतं : २०१९ साली जगभरातल्या तज्ज्ञांनी मिळून जे ठरवलं त्यात थकव्यासाठी आठवड्यातून तीनदा ३० मिनिटं मध्यम वेगानं चालणं, शिवाय दोनदा ताकदीचे व्यायाम, असं १२ आठवडे, असाच डोस आहे. मी शेवटची पायरी पहिल्या दिवशी दिली होती, एवढंच. त्यानंतर मी आकडा लिहून देत नाही, आधी फुल्या बघते.

तर तुमचा आकडा. तो चांगल्या दिवसावरून काढायचा नाही. तलावावर गेलात तेव्हा तेच झालं. फुलीच्या दिवशी, कोणी ओढून उठवलं तर, किती चालाल? पाच मिनिटं? मग पाच मिनिटं. सकाळी पाच, संध्याकाळी पाच. तलाव लांबच राहू दे, सुरुवात गॅलरीत नाहीतर गच्चीवर. हसू येईल इतकं कमी वाटलं पाहिजे. ज्या दिवशी अंगात जोर असेल त्या दिवशीही पाचच. हे सगळ्यात अवघड आहे, आधीच सांगून ठेवते. बरं वाटलं की बाईला घरातली सहा कामं दिसतात.

वेग असा की शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. चालता चालता अख्खी आरती चालीवर म्हणता येत असेल तर जरा पाय उचला. वाक्याच्या मधेच श्वास घ्यावा लागला तर हळू व्हा.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, थकव्याला दहापैकी मार्क द्या आणि कॅलेंडरवर लिहा. शून्य म्हणजे ठणठणीत, दहा म्हणजे उठवत नाही. कालच्यापेक्षा दोनानं वाढला तर काल जास्त झालं, थोडं कमी करा. चार-पाच दिवस आकडा हलला नाही तर एक मिनिट वाढवा. या गतीनं तीस मिनिटांना पोचायला दिवाळी उजाडेल. उजाडू द्या.

फुलीचा दिवस आला तर सुट्टी नाही, निम्मं. पाचाचे अडीच. पण ताप असेल, छातीत दुखत असेल, चक्कर असेल, उलट्या-जुलाब असतील, एकाच पायावर सूज आली असेल, किंवा हाडात कुठं नवीनच दुखणं सुरू झालं असेल, तर त्या दिवशी काहीच नाही, आणि डॉक्टरांना फोन.

पायाच्या बोटांचा कापूस बारा आठवड्यांच्या केमोनं झालाय. बहुतेकांचा हळूहळू कमी होतो, पण तोवर तुम्हाला जमीन नीट कळत नाही, म्हणून पडायची भीती. गच्चीवरसुद्धा सपाता घालून चालू नका, मागून बंद असलेला बूट घ्या. रोज रात्री तळवा बघा. काटा रुतला तरी कळायचा नाही. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून चहा उकळेपर्यंत टाचा वर-खाली करा, मग एका पायावर उभ्या राहा, आधी दोन्ही हात ओट्यावर, मग एक, मग एक बोट. रोज एकदा खुर्चीतून हात न टेकवता उठणं-बसणं, पाच वेळा. पाच सहज झाले की सात. मांडीला ताकद आली की १८ पायऱ्यांचा त्रास आपोआप कमी होतो.

डावा हात. तुम्हाला नक्की कोणीतरी सांगितलं असेल, या हातानं जन्मभर काही उचलायचं नाही. जुना सल्ला आहे, अजून गावोगाव फिरतो. २००९ साली हाताला सूज असलेल्या १४१ बायकांवर अभ्यास झाला. निम्म्यांना देखरेखीखाली हळूहळू वजन उचलायला शिकवलं. त्यांची सूज वाढली नाही, उलट ती उसळायचं प्रमाण कमी झालं. यातला ‘हळूहळू’ महत्त्वाचा. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घ्या, म्हणजे अर्धा किलो. कोपरातून वर, खाली, आठ वेळा, एक दिवसाआड. दोन-तीन आठवडे हात जड वाटला नाही, बांगडी घट्ट झाली नाही, तर एक लिटरची. सूज दिसली किंवा हात लाल-गरम झाला तर थांबून दाखवायला या. कमरेवरची घागर या हिशेबात कुठं बसते ते तुम्हीच बघा.

पाण्याबद्दल मी काही महानगरपालिकेला सांगू शकत नाही. पण घागरी पोराच्या आणि मिस्टरांच्या. सून घरात असेल तर तिच्या एकटीच्या गळ्यात घालू नका, नाहीतर पुढच्या वर्षी तीच मला पत्र लिहील. पाणी रात्री दोनला आलं तरी मिस्टरांना उठवा. आराम कर म्हणायची हीच वेळ आहे त्यांची! तुम्हाला अगदीच राहवत नसेल तर छोटी कळशी घ्या, तीन लिटरची, दोनच खेपा, आणि त्या दिवशीचं चालणं तेवढ्यात धरा. वेगळं नको.

शिलाईचंही हेच. जूनच्या आधी गणवेशांची घाई असते, डझनावर पैसे मिळतात, म्हणून मे महिन्यात तुम्ही मशीनवरून उठतच नसणार. त्यात पारा ४२ च्या वर, घराला पत्रा. तुमचा मे एवढा वाईट गेला यात नवल नाही, आणि त्यावरून ‘आपलं असंच राहणार’ असं ठरवू नका. अर्ध्या तासाला एकदा उठायचं, पाणी प्यायचं, ओट्यापर्यंत जाऊन यायचं. पुढच्या उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत चालणं उरकायचं, नाहीतर घरातच.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक. व्यायाम करून प्रोटीन नाही खाल्लं तर स्नायू कशातून भरायचा? मटकी, हुलगे, डाळ, अंडं चालत असेल तर अंडं, रोज, दोन्ही वेळेला काहीतरी. शेंगाचटणी आहेच, पण चिमूटभर चटणीला प्रोटीन म्हणून मोजू नका.

जुलैचं पान संपलं की ते पाठवा. गोल, फुल्या आणि मार्क, तिन्ही हवेत. पेन्सिलीचं सुद्धा खोडू नका.

प्रश्न : माझे वडील ६१ वर्षांचे. गालाच्या आतल्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मानेच्या गाठी काढल्या, रेडिएशन झालं, त्याला दहा महिने झाले. बार्शी तालुक्यात शेती आहे. आता शेतात जात नाहीत, ओसरीवर बसून असतात. उजवा खांदा उचलत नाही. थकवा म्हणतात, पण मला वाटतं लोक चेहऱ्याकडे बघतात म्हणून बाहेर पडत नाहीत.

उत्तर : दोन्ही असेल. पण आधी थायरॉइड तपासा. मानेवर रेडिएशन झाल्यावर काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही, ही ग्रंथी मंदावते, आणि माणूस सुस्त, थंड, बद्धकोष्ठ झालेला दिसतो. घरच्यांना वाटतं, उदास झालाय. साधी रक्ताची तपासणी आहे. पुढंही डॉक्टर सांगतील तशी ती वरचेवर करायची.

खांदा न उचलण्याचं कारण बहुतेक मानेतल्या ऑपरेशनमध्ये दुखावलेली नस. तो जितका लटकत राहील तितका आखडेल. फिजिओथेरपिस्टकडे एकदा न्याच. तोवर भिंतीवर बोटं टेकवून हळूहळू वर चढवणं, दुखेल तिथं थांबणं, दिवसातून दोन-तीनदा. बोटं पोचली तिथं खडूनं रेघ मारा, उद्या त्याच्यावर. तोंड किती उघडतं तेही बघा, किती बोटं उभी मावतात ते. कमी होत असेल तर त्याचेही व्यायाम आहेत, आणि ते उशिरा सुरू करून चालत नाहीत. तोंड कोरडं पडत असणार, म्हणून चालायला निघताना पाण्याची बाटली बरोबर.

लोकांच्या नजरेचं औषध माझ्याकडं नाही. पण शेताला पहाटे जाता येतं, तेव्हा बांधावर कोणी नसतं, आणि गळ्याभोवती उपरणं शेतकऱ्याला शोभतंच. पहिल्या दिवशी बांधापर्यंत नको. गोठ्यापर्यंत, मग विहिरीपर्यंत, मग बांध. तुम्ही बरोबर जा, पण पुढं चालू नका. तंबाखू अजून कनवटीला असेल तर ते मात्र या सगळ्याच्या आधी.

प्रश्न : केमो अजून चालू आहे. संपेपर्यंत थांबू का?

उत्तर : थांबू नका. केमो चालू असताना थोडं थोडं चालत राहिलेल्यांचा थकवा नंतर कमी राहतो. दर केमोनंतरचे तीन-चार दिवस बहुतेकांना जड जातात, तेव्हा खोलीतल्या खोलीत पाच मिनिटं पुरेत. पुढच्या दिवसांत जरा वाढवायचं आणि पुढची केमो आली की पुन्हा खाली यायचं, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. गर्दीची बाग टाळा. आणि दर केमोआधी रक्त तपासतातच, तेव्हा हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटचा आकडा दाखवून डॉक्टरांना विचारा, ‘यात चालू का?’ हो म्हणाले तर त्याच संध्याकाळी चपला घाला.